नऊशे एकतीस सामने

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या लागत असत त्या काळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी तिथून 'रॉथमन्स फुटबॉल इयरबुक'चा एक जाडजूड अंक उचलला. पुठ्ठा निसटलेला होता आणि आत कुणीतरी पेन्सिलीने गुण मांडून ठेवले होते. फुटबॉलचा माझा नाद तोवर कूपरेजच्या लाकडी बाकांपुरता आणि दूरदर्शनवरच्या विश्वचषकापुरता होता. बँकेतली नोकरी, दर तीन-चार वर्षांनी हातात पडणारा बदलीचा कागद आणि प्रत्येक नव्या गावात बिऱ्हाड मांडताना पुन्हा उघडावे लागणारे पुस्तकांचे खोके, असे आयुष्य चालले होते. त्या खोक्यात हा ठोकळाही फिरू लागला.

रात्री झोप येईना की मी तो मागून चाळायचो. मागच्या पानांत खेळाडूंची बारीक टाइपातली यादी होती: नाव, जन्मगाव, जन्मतारीख, क्लब, हंगाम, सामने, गोल. मोठ्या नावांची नोंद आटोपशीर असे, कारण त्यांना एक किंवा दोनच क्लब. काही नावांखाली मात्र ओळींची चळत लागलेली. टोनी फोर्ड हे त्यांतले एक. जन्म ग्रिम्स्बी, १४ मे १९५९. खाली गावामागून गाव. मला त्या ओळी पाहून आमच्या सेवापुस्तिकेची आठवण झाली, एवढेच त्या वेळचे कुतूहल. पुढे कळले की, गोलरक्षक सोडले तर इंग्लिश फुटबॉल लीगच्या इतिहासात सर्वाधिक सामने खेळलेला माणूस हाच. एकूण ९३१. त्याच्या पुढे फक्त पीटर शिल्टन, १००५ सामन्यांचा. आणि शिल्टन गोलरक्षक. आणि या ९३१ सामन्यांपैकी एकही सर्वोच्च विभागातला नाही.

ही शेवटची गोष्ट मला कित्येक दिवस सोडेना. एखाद्या क्षेत्रात सर्वांत जास्त काम केलेला माणूस त्या क्षेत्राच्या दिवाणखान्यात एकदाही गेला नसेल, तर त्या क्षेत्राचा इतिहास नेमका कुणाचा म्हणायचा?

इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. आपल्याकडचे क्रीडापत्रकार त्याचे भाषांतर 'भटक्या खेळाडू' असे करतात. ते चूक नाही, पण शब्दाच्या मुळाला धरूनही नाही. इथे 'जर्नी' म्हणजे प्रवास नव्हे. फ्रेंचमधून आलेला हा दिवसभराच्या कामाचा शब्द आहे. मध्ययुगीन कारागीर संघांत उमेदवार, मग जर्नीमन आणि शेवटी उस्ताद अशी चढण असे. उमेदवारी संपली, कसब हाती आले, पण स्वतःचे दुकान नाही, म्हणून दुसऱ्याच्या दुकानात दिवसाच्या मजुरीवर राबणारा, तो जर्नीमन. म्हणजे आपल्या भाषेत रोजंदारीवरचा कसबी कारागीर. गंमत अशी की, इंग्लिश फुटबॉलनेही शिकाऊ पोरांना अधिकृत नाव 'अप्रेंटिस' हेच दिले होते. सोळाव्या वर्षी फोर्ड ग्रिम्स्बी टाउनचा अप्रेंटिस होता.

ग्रिम्स्बी हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदीच्या मुखाशी वसलेले मासेमारीचे बंदर. एके काळी जगातले सर्वांत मोठे मासेमारी बंदर असा त्याचा लौकिक होता. क्लबचे टोपणनाव 'मरिनर्स', म्हणजे दर्यावर्दी. क्लबचे मैदान ब्लंडेल पार्क मात्र ग्रिम्स्बीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. त्यामुळे हा संघ घरचा प्रत्येक सामनाही परगावी खेळतो, असा तिथला जुना विनोद. या मैदानावर ४ ऑक्टोबर १९७५ रोजी वॉल्सॉलविरुद्ध फोर्ड पहिल्यांदा उतरला, तोही बदली खेळाडू म्हणून. वय १६ वर्षे १४३ दिवस. क्लब तेव्हा तिसऱ्या विभागात होता.

पुढच्याच महिन्यात त्या गावाच्या मुळावर घाव बसायला सुरुवात झाली. आइसलँडने आपली सागरी हद्द २०० मैलांपर्यंत वाढवली होती आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये ब्रिटनशी तिसरे 'कॉड युद्ध' पेटले. कॉड म्हणजे उत्तरेच्या थंड समुद्रातला मासा. ग्रिम्स्बीचे पोट त्याच्यावर. आइसलँडची गस्ती जहाजे ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी कापत होती, ब्रिटिश युद्धनौका मध्ये घुसत होत्या. जून १९७६ मध्ये ब्रिटनने माघार घेतली. ग्रिम्स्बीचे खासदार अँथनी क्रॉसलंड हेच त्या वेळी परराष्ट्रमंत्री असावेत, हा दैवदुर्विलास. त्याआधी, एप्रिल १९७६ मध्ये, क्रॉसलंडांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना आपल्या मतदारसंघात नेले आणि ग्रिम्स्बी विरुद्ध जिलिंगहॅम हा तिसऱ्या विभागातला सामना दाखवला. बव्हेरियात जन्मलेल्या किसिंजरना फुटबॉलची मनापासून ओढ होती. जगाची वाटणी करणारा माणूस ब्लंडेल पार्कच्या बाकावर बसला आहे, हे दृश्य मला आजही खरे वाटत नाही. पण ते घडले.

त्या ट्रॉलरांवरच्या माणसांचे पुढे काय झाले ते इथे सांगितले पाहिजे, कारण आपल्या विषयाशी त्याचा संबंध आहे. बोटी मोडीत निघाल्या तेव्हा खलाशांनी नोकरी गेल्याची भरपाई मागितली. उत्तर आले: तुम्ही नोकर नव्हताच. प्रत्येक सफरीला तुमची भरती नव्याने होत होती. तुम्ही हंगामी मजूर. वीस-वीस वर्षे एकाच मालकाच्या बोटीवर गेलेल्यांनाही हेच उत्तर मिळाले. बर्फाळ समुद्रात आयुष्य काढलेला माणूस कागदावर रोजंदार ठरला.

फोर्डच्या पिढीतल्या फुटबॉलपटूची अडचण याच्या बरोबर उलट होती. त्याला मालक सोडत नव्हता.

या व्यवस्थेचा उगम १८९३ सालचा. इंग्लिश लीगने नियम केला की, खेळाडूची नोंदणी एका क्लबकडे झाली की ती त्या क्लबची. करार संपला तरी नोंदणी संपत नाही. दर वसंतात क्लब एक यादी काढी: कुणाला ठेवले, कुणाला विकायला काढले, कुणाला मोकळे केले. 'ठेवलेल्या' यादीत नाव आले आणि खेळाडूला देऊ केलेला पगार पटला नाही, तर तो दुसरीकडे लीगमध्ये खेळू शकत नसे, आणि क्लबवर त्याला पगार देण्याचेही बंधन नसे. त्यात १९०१ पासून कमाल वेतनाची मर्यादा आली, आठवड्याला ४ पौंड. साठ वर्षांनी, १९६१ च्या जानेवारीत ती उठली, तेव्हा हंगामातली मर्यादा २० पौंडांवर पोचली होती. ती उठवायला जिमी हिल या दाढीवाल्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली संघटनेला संपाची धमकी द्यावी लागली. लगोलग फुलहॅमने इंग्लंडचा कर्णधार जॉनी हेन्स याला आठवड्याला १०० पौंड दिले. सगळ्यांनी ती बातमी वाचली. खालच्या विभागांतल्या बचावपटूंना हेन्सचे शंभर कधीच मिळायचे नव्हते, हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

नोंदणीचा फास मात्र तसाच राहिला. जॉर्ज ईस्टहॅमने १९६० मध्ये न्यूकॅसल सोडायचे ठरवले, क्लब सोडेना. तेव्हा इंग्लंडच्या पातळीचा हा खेळाडू दक्षिणेत जाऊन बूच विकण्याचे काम करू लागला. शेवटी क्लबने त्याला आर्सेनलला विकले, तरी त्याने खटला चालू ठेवला, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरची अन्याय्य बंधने असल्याचा निकाल दिला. फुटबॉलच्या इतिहासाच्या पुस्तकांत गोष्ट बहुधा इथे संपते आणि पाठ्यपुस्तकातल्या स्वातंत्र्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पुढची पंधरा वर्षे कराराला मुदतवाढ देण्याचा हक्क क्लबच्या हाती होता. करार संपल्यावर जाण्याची मोकळीक १९७८ मध्ये आली. तीही अशी की, जुन्या क्लबने पूर्वीइतक्या चांगल्या अटी देऊ केल्या असतील तर नव्याने त्याला भरपाई द्यायची. रकमेवर एकमत झाले नाही तर लवादाने ती ठरवायची.

म्हणजे फोर्ड अप्रेंटिस म्हणून आला तेव्हा नियम एक होता आणि तो एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा दुसरा. त्याने मात्र गाव सोडले नाही. क्लब चौथ्या विभागात घसरला, १९७९ मध्ये वर आला, १९८० मध्ये तिसरा विभाग जिंकून दुसऱ्यात पोचला. उजव्या बगलेवरून धावणारा हा पोरगा त्या सगळ्यात होता. मासळीचे धक्के ओस पडत होते आणि फुटबॉल क्लब वर चढत होता, असा तो विचित्र काळ. फोर्ड ११ वर्षे तिथे राहिला आणि साडेतीनशेच्या आसपास लीग सामने खेळला. त्याच काळात, फेब्रुवारी १९७९ मध्ये, ट्रेव्हर फ्रान्सिससाठी नॉटिंगहॅम फॉरेस्टने पहिल्यांदा दशलक्ष पौंडांचा आकडा गाठला.

१९८६ मध्ये तो थोड्या काळासाठी उसना म्हणून संडरलँडला गेला आणि मग स्टोक सिटीला. मार्च १९८९ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याला घेतले. दोन्हीकडे शंभरावर लीग सामने. स्टोक आणि अल्बियन ही नावे मोठी, पण दोन्ही क्लब तेव्हा दुसऱ्या विभागात होते. अल्बियनमध्ये पोचून दोन महिने होतात न होतात तोच त्याची इंग्लंडच्या 'ब' संघात निवड झाली. त्या मे महिन्यात तो ३० वर्षांचा झाला. 'ब' संघाकडून तो दोन सामने खेळला. मुख्य संघाचा दरवाजा खालच्या विभागांना अगदीच बंद होता असेही नाही. त्याच महिन्यात वुल्व्हजच्या स्टीव्ह बुलने, जो तो हंगाम तिसऱ्या विभागात खेळला होता, स्कॉटलंडविरुद्ध पदार्पणातच गोल केला. पण बुल आघाडीचा खेळाडू होता आणि गोल मोजता येतात. बगलेवर वर-खाली धावणाऱ्याच्या, प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्याच्या कामाला आकडा नसतो.

फोर्ड कृष्णवर्णीय आहे. इंग्लंडच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, नोव्हेंबर १९७८ मध्ये आला. तोही उजव्या बाजूचा बचावपटू. म्हणजे फोर्ड त्याच्या तीन वर्षे आधीपासून लीगमध्ये खेळत होता. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लिश मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंवर केळी फेकली जात, माकडांचे आवाज काढले जात. जॉन बार्न्ससारख्या नामवंताच्या वाट्याला आले ते छायाचित्रांत टिकून आहे. दुसऱ्या-तिसऱ्या विभागात मंगळवारी रात्री जे चालत असे तिथे छायाचित्रकार क्वचितच असे.

अल्बियनचा संघ १९९१ मध्ये इतिहासात प्रथमच तिसऱ्या विभागात घसरला आणि त्याच वर्षी फोर्ड ग्रिम्स्बीला परतला. ग्रिम्स्बी दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून पुन्हा दुसऱ्या विभागात आले होते. साधारण याच काळात तो बगल सोडून मागे सरकू लागला, बचावफळीत, राइट बॅकच्या जागी. या मागे सरकण्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण माझ्या मते या दीर्घायुष्याचे अर्धे गुपित तिथे आहे.

बगलेवरच्या खेळाडूची मुख्य मत्ता वेग. तिशी ओलांडली की पहिल्या दहा पावलांचा वेग जातो आणि तो परत येत नाही. बचावपटूलाही वेग लागतो, पण तो आधी ओळखून वाचवता येतो. समोरचा खेळाडू कोणत्या पायावर भार टाकतो, चेंडू येण्यापूर्वी कुठे पाहतो, हे वाचता आले तर दोन पावले आधी निघता येते. शिवाय, ज्याने स्वतः पंधरा-सोळा वर्षे त्या बगलेवर हुलकावण्या दिल्या, त्याला त्या हुलकावण्या समोरून पाहताना नव्या कशा वाटणार? चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

हे सरकणे सोपे मात्र नव्हते, कारण नेमका तेव्हाच बचावपटूचा धंदा बदलत होता. १९९२ पर्यंत अडचणीत आलेल्या बचावपटूला एक हुकमी उपाय होता: चेंडू गोलरक्षकाकडे मागे सारायचा, त्याने तो हातात घ्यायचा, सगळ्यांनी श्वास घ्यायचा. त्या वर्षी नियम आला की सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने घ्यायचा नाही. नुसता चेंडू लाथाडून जगणारे किती बचावपटू या एका नियमाने निवृत्त झाले ते कुणी मोजलेले नाही. बगलेवरून आलेल्याच्या पायाशी चेंडू सांभाळण्याचे कसब आधीच होते. त्याच वर्षी, १९९२ मध्ये, पहिल्या विभागातल्या क्लबांनी वेगळी चूल मांडून प्रीमियर लीग काढली. दूरचित्रवाणीचा पैसा तिथे थांबला आणि खालचे विभाग कागदावर एकेक क्रमांक वर सरकले. दुसऱ्या विभागाला पहिला म्हणू लागले. कुणाचा पगार त्याने वाढला नाही.

आता त्या ९३१ चा हिशेब. हा विक्रम खालच्या विभागांमुळे सोपा झाला, असा आक्षेप घेता येतो आणि तो पूर्ण चुकीचा नाही. पहिल्या विभागात बहुतेक काळ २२ संघ, म्हणजे ४२ सामने. खाली २४ संघ, ४६ सामने. पण ४६ ने भागले तरी २० पूर्ण हंगाम एकही सामना न चुकवता खेळावे लागतात. फोर्डच्या आधी गोलरक्षकेतर खेळाडूंचा विक्रम टेरी पेनच्या नावावर होता: साउदॅम्प्टनकडून ७१३ आणि हेरफर्डकडून १११, एकूण ८२४. पेन १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघात होता. दोघांच्या आकड्यांचा पोत पाहा. पेनच्या आयुष्यात एक घर आणि निवृत्तीपूर्वीचा एक मुक्काम. फोर्डला मात्र पस्तिशीनंतर दर हंगामाला नव्याने सिद्ध करावे लागले की, हा म्हातारा अजून उपयोगी आहे. मला विचाराल तर दुसरे काम जास्त कठीण.

१९९४ मध्ये तो तासाभराच्या अंतरावरच्या स्कंथॉर्प युनायटेडला गेला, चौथ्या पायरीवर. १९९६ मध्ये तो लीगबाहेर, बॅरोला. त्या सामन्यांची नोंद ९३१ मध्ये नाही. सदतिसाव्या वर्षी लीगबाहेर गेलेला खेळाडू सहसा परतत नाही. दरम्यान डिसेंबर १९९५ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने जाँ-मार्क बॉस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्याचा निकाल दिला आणि युरोपभर करार संपलेला खेळाडू विनामोबदला मोकळा झाला; इंग्लंडमधल्या क्लबांच्या आपसांतल्या व्यवहारांनाही २४ वर्षांवरच्या खेळाडूंसाठी १९९८ पासून तोच नियम लागला. वरच्या विभागांत वाचलेली हस्तांतराची रक्कम पगारात आली. खाली, करार संपलेल्या खेळाडूची किंमत शून्य झाल्यावर त्याला लांब करार देण्याचे कारणही उरले नाही. एक वर्ष, फार तर दोन.

आणि ती १८९३ ची यादी? ती अजूनही दर मे महिन्यात निघते. नावही तेच, 'ठेवलेल्यांची यादी'. पूर्वी जाचाने गांजलेला खेळाडू आपले नाव तीत आहे म्हणून धसका घेई. आता ते नाही म्हणून घेतो. कायद्याने त्याच्या पायातली साखळी काढली, आणि साखळीचे दुसरे टोक ज्या खुंटीला होते ती खुंटीही उपटून नेली. ईस्टहॅम आणि बॉस्मन यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण मिळालेल्या स्वातंत्र्याचा हिशेब हेन्सच्या शंभर पौंडांवरून मांडायचा की रॉचडेलच्या राइट बॅकवरून, हे इतिहासकाराने आधी ठरवायला हवे. आजवर बहुतेकांनी पहिला मार्ग धरला आहे.

फोर्ड कसा टिकला, तर ओळखीने. हा शब्द मी वाईट अर्थाने वापरत नाही. स्टोक आणि अल्बियन या दोन्ही क्लबांत त्याचा सहकारी असलेला स्टीव्ह पार्किन १९९६ मध्ये मॅन्सफील्ड टाउनचा व्यवस्थापक झाला आणि त्याने फोर्डला खेळाडू-प्रशिक्षक म्हणून बोलावले. रोजंदाराला दुसऱ्या रोजंदारानेच काम सांगायचे असते. आमच्या बँकेतही चांगल्या शाखेची खबर वरिष्ठांकडून नाही, चहाच्या टेबलावरच मिळे. मॅन्सफील्डमध्ये तो शंभरावर लीग सामने खेळला आणि तिथेच, १९९८-९९ च्या हंगामात, पेनचे ८२४ मागे पडले. १९९९ मध्ये पार्किन रॉचडेलला गेला, फोर्डही गेला. तिथे वयाच्या चाळिशीत त्याने आणखी नव्वदच्या घरात लीग सामने काढले. सगळ्या स्पर्धा धरल्या तर बेरीज हजाराच्या पुढे गेली. सरकारने त्याला एमबीई हा किताब दिला.

नोव्हेंबर २००१ मध्ये पार्किन बार्न्स्लीला गेला आणि त्याचा साहाय्यक म्हणून फोर्डही. ४२ व्या वर्षी खेळणे थांबले. पुढच्या मार्चमध्ये, खालच्या विभागांच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल ही कंपनी कोसळली, ठरलेल्या ३१.५ कोटी पौंडांपैकी १७.८५ कोटी लीगला मिळालेच नाहीत, आणि त्या मे महिन्याच्या याद्यांमधून शेकडो नावे गळाली.

त्याआधी, २००० साली, फोर्ड रॉचडेलच्या उजव्या कोपऱ्यात उभा असताना, ब्रिटिश सरकारने ग्रिम्स्बी आणि इतर बंदरांतल्या जुन्या ट्रॉलर खलाशांसाठी भरपाईची योजना जाहीर केली. कॉड युद्ध संपून २४ वर्षे झाली होती. किती वर्षे समुद्रावर काढली त्यावर रक्कम ठरणार होती, आणि पुरावा मागितला होता: कोणती बोट, कोणती सफर, कोणत्या तारखेला चढलात, कोणत्या तारखेला उतरलात. अनेकांकडे तशी कागदपत्रे नव्हती.

फोर्डच्या बाबतीत ती आहेत. माझ्या त्या पुठ्ठा निसटलेल्या अंकात त्याच्या नोंदीसमोर पेन्सिलीने कुणीतरी बारीक बेरीज केली आहे. दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिली आहे. मी ती पुसलेली नाही.